कयाक, देवमासा आणि आपली अहिंसा

समुद्रात कयाक वल्हवणाऱ्यांइतकी निरुपद्रवी माणसं शोधून सापडायची नाहीत, असं वरवर पाहता वाटतं. इंजिन नाही, धूर नाही, गोंगाट नाही. एक अरुंद होडी, तिच्यात कमरेपर्यंत शिरून बसलेला एक माणूस आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एक वल्हं. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर या छंदाचे शौकीन पुष्कळ आहेत, आणि त्यांना देवमासे फार जवळून दिसतात. म्हणून त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांनी देवमाशाची परंपरागत शिकार पुन्हा करावी की नाही, हा वाद निघाला की कयाकवाले त्यात ओढले जातातच. त्यांच्यातही दोन तट पडतात. एक म्हणतो, इतक्या शहाण्या प्राण्याला मारायचा हक्क कुणालाच नाही. दुसरा म्हणतो, ज्यांचा समुद्र त्यांचा निर्णय, आपण पाहुणे.

मी जैन घरातली. मांसाहाराच्या वासानेही नाक मुरडणाऱ्या घरातली म्हणा ना. तेव्हा माझा कौल कुठे जाणार हे वाचकांनी आधीच ठरवलं असेल. पण या वादाचं साहित्य वाचत गेले तशी एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. या वादात प्रत्येकजण अहिंसेची भाषा दुसऱ्यासाठी वापरतो.

पहिली गोष्ट होडीची. कयाक ही सहलीची होडी नव्हे. ती शिकारीचं हत्यार आहे. ग्रीनलंडच्या इन्युइटांनी ती सीलच्या कातड्याची बांधली. आत वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, मापं शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगाची, आणि वरचं कातडं शिवणाऱ्या बायका. पाण्याचा थेंब आत येऊ न देणारी ती शिवण हे त्यांचं कसब. शिवण उसवली तर घरचा माणूस परत येत नसे. कयाक उलटली तरी आत बसल्या बसल्या ती सरळ करायची, ही जी कसरत आज छंदवर्गांत हौसेने शिकवतात, ती भाल्याच्या दोरीत गुंतलेल्या, बर्फगार पाण्यात पोहणं अशक्य असलेल्या शिकाऱ्याची जगण्याची युक्ती होती. अल्युशियन बेटांवर आणि कोडियाकला तर कयाकमधून थेट देवमासेच मारत. पाटीच्या दगडाच्या टोकाला विष लावायचं, भाला फेकायचा आणि मेलेलं जनावर किनाऱ्याला लागायची वाट बघायची. ते विष म्हणजे आपल्या बचनागाच्याच जातीच्या झाडाचं. ग्रीनलंडच्या उत्तरेला कानाक भागात आजही नारव्हाल हा लांब सुळ्याचा लहान देवमासा आधी कयाकमधून भाल्याने टिपावा, मगच बंदूक चालवावी, असा नियम आहे. मोटारबोटीच्या आवाजाने तो पळतो, हे त्यामागचं साधं कारण.

म्हणजे ज्यांनी ही होडी जीव घेण्यासाठी घडवली, त्यांच्याकडून ती आपण करमणुकीसाठी घेतली. कातड्याच्या जागी प्लास्टिक आणि फायबर ग्लास आलं, भाल्याची जागा पाण्याच्या बाटलीने घेतली. आणि आता त्याच होडीत बसून, शिकार ही जुनाट गोष्ट आहे, सोडून द्या, असं सांगायचं. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. विसर आहे. पण दुसऱ्याच्या घरातली वस्तू वापरताना ती कुठून आली हे विसरणं, ही गोष्ट काही छोटी नव्हे.

हा वाद सगळ्यात जास्त पेटला तो वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, नीआ बे या गावी. तिथे माकाह जमात राहते. इथली शिकार कयाकमधून नव्हे, देवदार खोदून केलेल्या लांब होडीतून होते. १८५५ साली अमेरिकन सरकारशी तह करताना माकाहांनी आपली बहुतेक जमीन सोडली, पण देवमासे मारायचा हक्क राखून ठेवला. अमेरिकेने मूळ रहिवाशांशी केलेल्या तहांमध्ये देवमाशाच्या शिकारीचा स्पष्ट उल्लेख असलेला हा एकमेव तह. या लोकांना समुद्र म्हणजेच देश होता. ओझेट इथे चिखलाच्या दरडीखाली गाडलेली त्यांची जुनी घरं १९७० नंतर उकरली गेली. तिथे हजारो वस्तू निघाल्या. त्यांत देवमाशाच्या पाठीवरच्या पराची लाकडी प्रतिकृती होती, तिच्यावर समुद्री ऊदमांजराचे सुमारे सातशे दात बसवलेले.

मग अमेरिकन व्यापारी जहाजं आली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मेक्सिकोच्या खाड्यांत शिरून, पिलं घालायला आलेल्या करड्या देवमाशांची कत्तल केली. तेल दिव्यांसाठी जाई. इतर जातींच्या तोंडातल्या चिवट पट्ट्या बायकांच्या कंबर आवळणाऱ्या कपड्यांसाठी जात. गोऱ्या शहरांतला उजेड आणि गोऱ्या बायकांची सडपातळ कंबर यांच्यापायी समुद्र रिकामा झाला. १९२० च्या दशकात माकाहांनी शिकार थांबवली. देवमासे उरले नव्हते हे कारण होतंच, पण करड्या देवमाशाला आंतरराष्ट्रीय करारांनी संरक्षण दिलं ते त्यानंतर, १९३७ मध्ये. कायदा यायच्या आधी हे लोक थांबले होते, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

१९९४ साली करडा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून निघाला, आणि माकाहांनी आपला हक्क पुन्हा मागितला. १७ मे १९९९ रोजी त्यांच्या होडीतून भाला गेला, सोबतच्या मोटारबोटीतून मोठ्या बोअरची बंदूक चालली, आणि सुमारे तीस फुटांचा एक देवमासा मेला. टीव्हीवर सगळ्या देशाने ते पाहिलं. पाण्यावर निषेध करणाऱ्यांच्या बोटी होत्या. गाड्यांवर स्टिकर लागले. देवमासा वाचवा आणि त्याच्याऐवजी माकाह मारा, अशा अर्थाचे. जीवदयेच्या नावाने लिहिलेलं हे वाक्य होतं, बरं का.

या प्रकरणावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. रॉबर्ट सलिव्हन या पत्रकाराचं ‘अ व्हेल हंट’ २००० साली आलं. दोन वर्षं तो नीआ बेला जात-येत राहिला. पुस्तक मिस्कील आहे. पाऊस, वाट बघणं, होडीतल्या मंडळींची भांडणं, टीव्हीवाल्यांची गर्दी, सगळं त्यात आहे. शिकाऱ्यांना तो पुतळे करत नाही आणि विरोधकांना राक्षस करत नाही, हे त्याचं मोठेपण. पण मला त्यात एक अडचण वाटली. पानोपानी तळटीपांमधून मेलव्हिलची ‘मोबी डिक’ कादंबरी चालू राहते. म्हणजे ज्या व्यापारी शिकारीने माकाहांचा समुद्र ओस पाडला, तिच्याच महाकाव्याच्या चष्म्यातून माकाहांकडे बघायचं. लेखकाला हा विनोद वाटतो. मला तो थोडा महाग वाटला. शिवाय त्याची नजर होडीवर आहे, आणि होडीत पुरुष आहेत.

दुसरं पुस्तक शार्लट कोटे यांचं, ‘स्पिरिट्स ऑफ अवर व्हेलिंग अँसेस्टर्स’, २०१० सालचं. त्या माकाहांच्या भाऊबंद अशा नू-चा-नुल्थ समाजातल्या, म्हणजे घरातून बोलणाऱ्या. त्यांच्या पुस्तकातून किनारा दिसतो, आणि किनाऱ्यावरची बाई दिसते. शिकारीआधी महिनोन् महिने शिकारी उपास करायचा, थंडगार पाण्यात स्नान करायचा, ब्रह्मचर्य पाळायचा. तो समुद्रात असताना त्याच्या बायकोने घरात अंधारात निश्चल पडून राहायचं. ती हलली तर देवमासा बिथरेल. ती शांत राहिली तर तो शांतपणे किनाऱ्याकडे येईल. एका अर्थी तीच तो देवमासा असते.

इथे मी थबकले. उपास, मौन, ब्रह्मचर्य, निश्चल बसणं. ही तर आमच्या पर्युषणातली यादी. आमच्याकडे तप कर्माची निर्जरा व्हावी म्हणून करतात, तिथे जीव हाती लागावा म्हणून. साधन तेच आणि साध्य उलटं. ज्यांना रानटी म्हणून हिणवलं गेलं, ते मारण्याआधी जेवढं तप करत होते, तेवढं आपण पॅकेटातलं काही खाण्याआधी करत नाही.

पण कोटेबाईंच्या पुस्तकाशी माझं भांडणही इथेच आहे. परंपरा सांगते की लायक शिकाऱ्याला देवमासा स्वतःहून आपला देह देतो. बाई हे श्रद्धेने सांगतात आणि पुढे जातात. माझ्यासारख्या वाचकाला तिथे थांबावं लागतं. हे दान आहे असं कोण म्हणतं? घेणारा म्हणतो. दात्याला कुणी विचारलेलं नाही. भाला लागल्यावर तो पळायचा प्रयत्न करतो, याचा अर्थ काय लावायचा? खाद्यसंस्कृती, आरोग्य, तहातला हक्क यांवर बाई भक्कम लिहितात. डबाबंद अन्नाने त्यांच्या समाजाचं काय झालं हेही सांगतात. ते मला पटतं. देवमाशाच्या वतीने त्या बोलतात, तिथे पटत नाही.

आता कयाकवाल्यांचे मुद्दे घेऊ. सगळ्यात लोकप्रिय मुद्दा बंदुकीचा. परंपरा म्हणता तर बंदूक कशाला? हा मुद्दा ऐकायला बिनतोड आहे आणि नीट पाहिलं तर निर्दय आहे. बंदूक वापरतात ती जनावर लवकर मरावं म्हणून. नुसत्या भाल्यांनी मारायचं तर ते कितीतरी अधिक काळ तडफडेल. म्हणजे परंपरा शुद्ध हवी, असा हट्ट धरणारा नकळत काय मागतो, तर जास्त वेदना. आणि हे मागताना त्याच्या स्वतःच्या अंगात रबराचा पोशाख, होडी प्लास्टिकची, आणि ती होडी मोटारीच्या टपावर बांधून शंभर मैलांवरून आणलेली.

दुसरा मुद्दा संख्येचा, आणि तो खरा आहे. २०१६ च्या सुमारास पूर्व पॅसिफिकमधले करडे देवमासे सत्तावीस हजारांच्या आसपास होते. २०२३ पर्यंत ते साडेचौदा हजारांवर आले. पण ते कशाने? उत्तरेकडच्या समुद्रात त्यांचं खाद्य घटलं, समुद्र बदलला. त्यात बर्फ वितळवणाऱ्या आपल्या सगळ्यांचा वाटा आहे. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकन सरकारने माकाहांना कायद्यातून सूट दिली, ती दहा वर्षांत जास्तीत जास्त २५ देवमाशांची. रशियातल्या चुकोत्काचे मूळ रहिवासी दरवर्षी शंभरावर करडे देवमासे मारतात. त्यांच्याविरुद्ध कुणी होड्या घेऊन गेलेलं फारसं ऐकू येत नाही. निषेध बहुधा मोटारीचा रस्ता आणि कॅमेरा पोचतो तिथेच होतो.

संख्येवरून आठवलं. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने अलास्कातली बोहेड देवमाशांची शिकार थांबवली, कारण शास्त्रज्ञांच्या मोजणीत ते फार थोडे भरले. तिथले इन्युपिआक म्हणाले, तुम्ही फक्त मोकळ्या पाण्यातले मोजता, ते बर्फाखालूनही जातात. पुढे पाण्याखाली आवाज टिपून मोजणी झाली, तेव्हा शिकाऱ्यांचंच खरं निघालं. २०११ च्या मोजणीत तो आकडा सोळा हजारांच्या पुढे होता. मारणाऱ्याला ज्ञान नसतं असं आपण समजतो. कित्येकदा त्यालाच सगळ्यात जास्त असतं. आणि आवाज न करणारी कयाक तरी कुठे निर्दोष? देवमाशाला ती ऐकूच येत नाही, म्हणून ती अचानक अंगाशी आली की तो दचकतो. वॉशिंग्टन राज्यात २०२५ पासून तिथल्या ओर्कांपासून हजार यार्ड लांब राहायचा नियम आहे, तो वल्हवणाऱ्यांनाही लागू आहे.

एवढं सगळं बोलून झाल्यावर मला कुणी विचारील, मग बाई, तुमचं मत काय? अनेकांतवाद म्हणून दोन्ही बाजू बरोबर म्हणणार का?

नाही. अनेकांतवाद म्हणजे गोलमाल नव्हे. आमच्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पुरत्या टाळता येत नाहीत. चौथी, म्हणजे ठरवून मारणं, ती टाळायचीच. देवमाशाची शिकार ही संकल्पी हिंसा आहे, यात शब्दच्छल करायला जागा नाही. मात्र हे व्रत ज्यांनी लिहिलं त्यांच्या पायाखाली जमीन होती. तिथे ज्वारी होत होती, तूर होत होती. बर्फाच्या मुलखात जन्मलेल्याला आमचं व्रत सांगायचं तर आधी आमची जमीन द्यावी लागेल.

आणि आम्ही तरी परीक्षेत बसतो तेव्हा काय करतो? दोन प्रसंग ताजे आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजे आमची सल्लेखना, आत्महत्येच्या सदरात घातली. देशभर जैन समाज मूकपणे रस्त्यावर उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय स्थगित केला. तेव्हा आपण सगळे काय म्हणत होतो? बाहेरच्यांना आमची परंपरा कळत नाही. अगदी हेच वाक्य नीआ बेला ऐकू येतं.

दुसरा प्रसंग आमच्या अगदी अंगणातला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यावर, नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला गेली. न्यायालयाने तिचं हित तिच्या धार्मिक उपयोगापेक्षा वरचं मानलं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातली माणसं ढसाढसा रडली. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो लोक चालत गेले. त्या माणसांची माया खोटी नव्हती. तीस-बत्तीस वर्षांचा घरोबा होता. पण हत्तीण इथे सुखात होती, हे आपण म्हणत होतो. तिकडे सुखात राहील, हे दुसरे म्हणत होते. तिच्या वतीने सगळेच बोलले. सल्लेखनेत मी माझ्या देहाबद्दल बोलते, तिथे माझा अधिकार आहे. हत्तिणीच्या देहाबद्दल बोलताना तोच अधिकार मला आपोआप मिळत नाही. दोन्ही प्रसंगी आपण ‘परंपरा’ हा एकच शब्द वापरला, पण त्याचं वजन दोन्हीकडे सारखं नाही. स्वतःवर घेतलेल्या परंपरेला जेवढी मोकळीक, तेवढी दुसऱ्या जिवावर घातलेल्या परंपरेला नाही. हे मला माकाहांना सांगायचं असेल, तर आधी नांदणीच्या वाटेवर सांगता आलं पाहिजे.

म्हणून माझं मत असं. तहातला हक्क माकाहांचा आहे, आणि तो पाळला गेला पाहिजे. त्यांच्याच समाजातल्या काही वृद्धांनी १९९० च्या दशकात शिकारीला उघड विरोध केला, घरच्यांचा राग सोसून. २००७ मध्ये पाच जणांनी परवानगीशिवाय एक देवमासा मारला आणि तो कित्येक तास तडफडला, तेव्हा माकाहांच्या पंचमंडळाने त्याचा निषेध केला. म्हणजे बरं-वाईट तोलायची ताकद त्या घरात आहे. बाहेरच्या काट्याची गरज नाही.

हक्क काढून घेतल्यावर माणूस मारत नाही, ती मनाई. हक्क हातात असताना मारत नाही, ते व्रत. आमच्या धर्मात त्यागाला किंमत आहे ती यासाठीच, की सोडायची वस्तू आधी आपली असावी लागते. भिकाऱ्याच्या उपासाला कुणी तप म्हणत नाही. १९२० च्या दशकात माकाह थांबले तेव्हा हक्क त्यांच्याकडे होता, म्हणून त्या थांबण्याला मी नमस्कार करते. उद्या कोर्टकज्ज्यांनी आणि स्टिकरांनी त्यांना थांबवलं, तर एक देवमासा वाचेल. वाचू दे, त्याच्या जिवाचं मोल कमी नाही. पण त्याला अहिंसेचा विजय म्हणू नये.

नीआ बेच्या लोकांनी पुन्हा भाला उचलू नये असं मला मनापासून वाटतं. ही माझी इच्छा आहे. मागणी करायची तर मागणाऱ्याने आपल्या पदरचं काही सोडून यावं लागतं. कयाकवाल्यांनी काय सोडलं, हे त्यांनी बघावं. आम्ही काय सोडलं, हा हिशेब चातुर्मासात मांडायला हरकत नाही. हिरव्या भाज्या आणि कंदमुळं यांच्या यादीत, तेवढी नांदणीची मिरवणूकही धरावी.